कर्करोगानंतरचे मन आणि झाडांची सोबत

रोगी इस्पितळातून घरी आला म्हणजे आजार संपला, अशी आपली समजूत असते. कर्करोगाच्या बाबतीत ती खरी नव्हे. मुंबईस परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, त्या काळी ह्या रोगाचे नाव घेणे म्हणजे मरणाचेच नाव घेणे होते. आज शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांच्या बळावर पुष्कळ माणसे त्यातून वाचतात. परंतु त्यांचे मन मागेच अडकून राहते. तपासणीचा दिवस जवळ आला की झोप उडते. साधा खोकलाही रोग परतल्याची शंका उत्पन्न करतो.

हे आम्ही घरातच पाहिले आहे. गोव्यातील आमच्या मावशीस स्तनाचा कर्करोग झाला होता. उपचार यशस्वी झाले. पण घरी आल्यावर ती शेगडीवर दूध ठेवून विसरे, वर्तमानपत्राचे एक पानही तिला सलग वाचवेना. घरच्यांस वाटे, बाई आळसावली. आम्हीही त्यांतलेच; पदवी हाती असल्यामुळे स्वतःस शहाणे समजत होतो, इतकेच.

वस्तुतः तो आळस नव्हता. गणित सोडविताना आपण मन बळेच एका जागी धरतो. असे अवधान थकते. वाहते पाणी, हलणारी पाने, पाखरांची ये-जा यांकडे मात्र मन आपोआप वळते, आणि तेवढ्या वेळात थकलेल्या अवधानास विसावा मिळतो. अमेरिकेतील कॅप्लन दांपत्याने हा विचार मांडला. ज्यास वेदना, भीती आणि नित्य नवे निर्णय यांच्याशी अहोरात्र झगडावे लागते, त्याचे अवधान थकले तर नवल कसले?

बर्नाडीन सिम्प्रिच ह्या संशोधिकेने स्तनाच्या कर्करोगाचे नुकतेच निदान झालेल्या १५७ स्त्रियांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. त्यांतील एका गटास आठवड्यातून १२० मिनिटे निसर्गाच्या सान्निध्यात घालविण्यास सांगितले होते. फिरावे, बाग करावी, नुसते बसावे. निवड ज्याची त्याची. आकडे उलट क्रमाने म्हणण्यासारख्या चाचण्या शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर घेतल्या, तेव्हा ह्या गटाचे अवधान अधिक सावरलेले आढळले. त्यापूर्वी १९८४ साली रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या २३ जोड्या ताडून पाहिल्या होत्या. खिडकीतून झाडे दिसणारे रोगी विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांस तीव्र वेदनाशामके कमी लागली.

येथे एक गोष्ट निक्षून सांगावयास हवी. झाडे कर्करोग बरा करीत नाहीत. जंगलातील मुळी देऊन रोग घालवितो म्हणणाऱ्याच्या नादी लागून कोणी डॉक्टरांचे औषध सोडले, तर ते प्राणांवर बेतेल. औषधोपचार चालू असताना रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून मातीत हात घालण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. काखेतील ग्रंथी काढलेल्या बाजूच्या हातास काट्याची जखमही होऊ देऊ नये; तो हात सुजण्याचा संभव असतो.

मावशी पुढे सकाळी कुळागरात जाऊन बसू लागली. प्रथम कोणाशी बोलत नसे. मग पोफळींच्या आळ्यांत पाणी वळविणाऱ्या गड्यास सूचना देऊ लागली, आणि काही महिन्यांनी वर्तमानपत्र पुन्हा तिच्या हाती दिसू लागले. सारे झाडांमुळेच झाले असे आम्ही म्हणणार नाही. काळ गेला, माणसेही जवळ होती.

आपल्या देडतलाईस मात्र ह्यासाठी कोठे लांब जावे लागत नाही. सातपुड्याचे सागवान जवळ, पलीकडे मेळघाट. पहाटे मोहाची फुले वेचणाऱ्या कोरकू बायका वाटेत भेटतात. एका फाल्गुनात मावशी आमच्याकडे आली होती. तिला रानाच्या कडेने फिरविले. बाराही महिने हिरवे पाहणारी ती, निष्पर्ण साग पाहून म्हणाली, "ही झाडे मेली की काय?" आमच्याबरोबर आठवीचा एक विद्यार्थी होता. तो हसून म्हणाला, "नाही मावशी, पाऊस पडू द्या." मग तिने पळसाची चार फुले ओच्यात घेतली, आणि गोव्याच्या तांबड्या मातीत त्याचे बी रुजेल काय, हे घरी पोहोचेपर्यंत ती त्या मुलास विचारीत राहिली.