इंग्रजीत लपलेले आपलेच शब्द

जुन्नर-आंबेगावच्या आपल्या घरांतली मुलं घरी उर्दू बोलतात, गल्लीत मराठी बोलतात आणि इंग्रजीचा तास आला की गप्प बसतात. "ही भाषा आपली नाही," हे वाक्य वर्गात मी कितीतरी वेळा ऐकलं आहे. पण इंग्रजांची रोजची बोली, म्हणजे स्लँग, जरा उघडून पाहा.

मंचर, नारायणगाववरून जाणारा आपला हायवे नाशिकला पोहोचतो. तिथे देवळालीत ब्रिटिश फौजेची छावणी होती. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथे महिनोन्‌महिने थांबत. ऊन, रिकामपण, आजारपण. काहींचं डोकं ठिकाणावर राहत नसे. त्यावरून शब्द निघाला ‘डुलॅली टॅप’. डुलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे ताप! इंग्लंडमध्ये आजही वेडसर वागणाऱ्याला ‘डुलॅली’ म्हणतात.

असे आणखीही शब्द फौजेबरोबर गेले. ‘हॅव अ डेको’ म्हणजे जरा बघ; हे आपलं ‘देखो’. आरामाच्या नोकरीला ‘कुशी जॉब’ म्हणतात, ते ‘खुश’वरून. 1914-18 च्या महायुद्धात इंग्रज सैनिक मायदेशाला ‘ब्लायटी’ म्हणत. हा शब्द ‘विलायती’चा, आणि त्याचं मूळ अरबी ‘विलायत’.

1886 मध्ये हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा अशा शब्दांचा मोठा कोश निघाला. त्याचं नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. मोहरममधलं ‘या हसन, या हुसैन’ गोऱ्या शिपायांच्या कानाला नीट कळलं नाही, त्याचा हा अपभ्रंश. आपल्याला तो खटकतो, ते साहजिकच. पण साहेबाची जीभ आपल्या शब्दांवर अशी अडखळली, तरी तो बोलायचा थांबला नाही. मग एखादा उच्चार चुकला म्हणून आपल्या मुलांनी का थांबावं?

मुलांना एक गोष्ट मात्र समजावून सांगा. ‘खाकी’, ‘पायजमा’, ‘शाल’, ‘लूट’ हे शब्द इंग्रजीत रीतसर रुजलेत, ते पेपरात बिनधास्त लिहावेत. ‘डेको’, ‘कुशी’ हे गप्पांतले. दहावीच्या उत्तरात किंवा नोकरीच्या अर्जात नकोत. ‘डुलॅली’ तर मनाच्या आजाराची टिंगल करतो. तो माहीत असावा, कुणाला म्हणू नये.

आज रात्री जेवण झालं की मुलांना जवळ बसवा आणि यातले दोन शब्द विचारा. इंग्रजीची निम्मी भीती तिथेच जाईल.