बँक आणि खातेदार : लेखांक सातवा
कुलूप कोणी तोडले?

मागील लेखांकात आपण कर्जफेडीनंतर तारण दस्तऐवज परत मिळविण्याच्या हक्काचा विचार केला. दस्तऐवज निदान बँकेच्या दप्तरी नोंदलेला असतो. काय दिले आणि काय परत घ्यावयाचे, याविषयी उभयपक्षी मतभेदास फारशी जागा नसते. लॉकरची गोष्ट निराळी आहे. त्या पोलादी खणात खातेदार काय ठेवतो हे बँकेने विचारावयाचे नसते आणि खातेदाराने सांगावयाचे नसते. बँकेचा कर्मचारी आपली किल्ली फिरवून बाजूला होतो, मग खातेदार आपली किल्ली लावतो, आणि पुढचे सारे त्याच्या एकट्याच्या देखत घडते. या गुप्ततेसाठीच लोक लॉकर घेतात. परंतु आपत्ती ओढवली म्हणजे हीच गुप्तता पुराव्याच्या अभावाचे रूप घेऊन खातेदाराच्या विरुद्ध उभी राहते. आत काय होते हे आम्हांस ठाऊक नाही, आम्ही केवळ खण भाड्याने दिला होता, सबब गेलेल्या ऐवजाची जबाबदारी आमच्यावर येत नाही, अशी कैफियत बँका वर्षानुवर्षे मांडीत आल्या. तिचे उत्तर ज्या एका खटल्यात मिळाले, तो खटला विस्ताराने सांगण्याजोगा आहे.

कोलकात्यातील युनायटेड बँक ऑफ इंडियाच्या एका शाखेत एका गृहस्थाच्या आईने १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत लॉकर घेतला होता आणि १९७० मध्ये त्याचेही नाव त्यास लागले. मे १९९५ मध्ये तो लॉकर उघडण्यास व भाडे भरण्यास गेला, तेव्हा १९९३-९४ चे भाडे थकल्यामुळे सप्टेंबर १९९४ मध्येच आपला लॉकर फोडण्यात आला आहे, असे त्यास सांगण्यात आले. वस्तुतः ते भाडे लॉकर फोडण्यापूर्वीच भरलेले होते, आणि थकबाकी नसताना लॉकर अनवधानाने फोडला गेला, हे बँकेने पुढे पत्राने मान्यही केले. फोडण्यापूर्वी खातेदारास नोटीस नाही, फोडताना तटस्थ साक्षीदार नाहीत, आतील वस्तूंचा पंचनामा नाही. जून १९९५ मध्ये तो आपला ऐवज घेण्यास गेला, तेव्हा मोहोरबंद नसलेल्या एका पाकिटातून दोन दागिने त्याच्यापुढे ठेवण्यात आले. आपले दागिने सात होते, असे त्याचे म्हणणे. दोनच होते, असे बँकेचे.

त्याने ग्राहक मंचाकडे दाद मागितली. जिल्हा मंचाने त्याच्या बाजूने निकाल दिला. राज्य आयोगाने भरपाईची रक्कम कमी केली आणि दागिने किती होते हा वाद दिवाणी न्यायालयात नेण्यास सांगितले. राष्ट्रीय आयोगाने तेच कायम केले. येथवर आलेला मनुष्य बहुधा थकतो, आणि त्याला कोणी दोष देऊ नये, कारण बँकेचा वकील बँकेच्या पैशाने उभा असतो आणि खातेदाराचा खातेदाराच्या. हा खातेदार मात्र सर्वोच्च न्यायालयात गेला. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल लागला, तेव्हा लॉकर फोडल्याला सव्वीस वर्षे होऊन गेली होती, आणि खुद्द ती बँकही एप्रिल २०२० मध्ये पंजाब नॅशनल बँकेत विलीन होऊन नामशेष झाली होती.

न्यायालयाने एकमेकांत गुंतलेले दोन प्रश्न वेगळे केले, आणि माझ्या मते या निकालाचे सारे महत्त्व त्या एका कृतीत आहे. लॉकरमध्ये काय होते, हा पुराव्याचा प्रश्न. तो दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा, हे न्यायालयानेही कायम ठेवले. परंतु लॉकरची निगा राखण्याचे, तो विनाकारण न उघडण्याचे आणि उघडावाच लागला तर खातेदारास आगाऊ कळवून, साक्षीदारांसमक्ष, यादी करून उघडण्याचे बँकेचे कर्तव्य आत सोने आहे की जुनी पत्रे आहेत यावर मुळीच अवलंबून नाही. आत काय होते हे ठाऊक नाही, हे उत्तर कुलूप का तोडले या प्रश्नाला लागू पडत नाही. न्यायालयाने खातेदारास पाच लाख रुपये भरपाई आणि एक लाख रुपये खटल्याचा खर्च देवविला. शिवाय ते पाच लाख दोषी अधिकारी नोकरीत असल्यास त्यांच्या वेतनातून वसूल करावेत व निवृत्त झाले असल्यास बँकेने द्यावेत, असे फर्माविले. कसूर संस्थेच्या नावावर टाकून माणसे मोकळी राहतात, ही आपल्याकडील जुनी व्यथा आहे. तिला या आदेशाने हात घातला, याचे मला मनापासून समाधान वाटते. सहा महिन्यांच्या आत रिझर्व्ह बँकेने लॉकरविषयी नियम करावेत, असाही आदेश त्यात होता.

ते नियम १८ ऑगस्ट २०२१ रोजी निघाले आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. आता भाडे ओळीने तीन वर्षे थकल्यावाचून त्या कारणास्तव लॉकर फोडता येत नाही. थकले तरी आधी पत्राने, तसेच ईमेल व मोबाइलवरील संदेशाने कळवावे लागते, आणि पत्र परत आले किंवा भाडेकरूचा ठावठिकाणा लागला नाही, तर दोन वृत्तपत्रांत, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील, जाहीर नोटीस द्यावी लागते. फोडण्याच्या वेळी बँकेचा अधिकारी व दोन तटस्थ साक्षीदार हजर हवेत, चित्रीकरण व्हावयास हवे, आणि निघालेला ऐवज यादीसह मोहोरबंद पाकिटात घालून अग्निरोधक तिजोरीत ठेवावयास हवा. तो परत घेताना बँक त्या यादीवर तुमची पोच घेते. म्हणून प्रत्येक वस्तूची यादीशी रुजवात घातल्याखेरीज सही करू नये, आणि काही कमी आढळल्यास तसा शेरा सहीच्या वरच लिहावा. मागाहून केलेल्या तक्रारीपेक्षा त्या जागी लिहिलेल्या दोन ओळींचे वजन अधिक.

आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँकेच्या नोकराने केलेली लबाडी, यांमुळे ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी प्रचलित वार्षिक भाड्याच्या शंभरपट ठरविण्यात आली आहे. भाडे तीन हजार असेल तर तीन लाख. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाटल्या आणि तोडे ज्या घरी आहेत, त्या घराला ही भरपाई अपुरी वाटेल आणि ती अपुरी आहेच. भूकंप, महापूर यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत तर बँकेने आपली काळजी घेतली असल्यास तेवढीही मिळत नाही. बँकेने लॉकरमधील ऐवजाचा विमा विकू नये, असा नियम आहे. ज्यास विमा हवा त्याने तो स्वतंत्रपणे विमा कंपनीकडून घ्यावा.

लॉकर उघडला की त्याच दिवशी बँकेने संदेश पाठवावयाचा असतो. तुम्ही गेलाच नाहीत अशा दिवशी तसा संदेश आला, तर त्याच दिवशी शाखेत लेखी तक्रार द्यावी, तिच्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यावी, आणि कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच अर्जात करावी. एरवी हे चित्रण किमान १८० दिवसच ठेवण्याचे बंधन आहे. परंतु तक्रार आल्यास पोलिसांचा तपास पुरा होऊन वाद मिटेपर्यंत ते राखावे लागते. अर्जात बँकेच्या कर्तव्यासंबंधी नेमके प्रश्न असावेत : कोणत्या तारखेस, कोणाच्या आदेशाने, कोणाच्या उपस्थितीत लॉकर उघडला, नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठविली, यादी कोठे आहे. तुमच्या दागिन्यांची हकिकत त्यानंतर यावी. असे प्रश्न विचारले म्हणजे बँकेला आपले दप्तर काढावे लागते. केवळ दागिन्यांची हकिकत सांगितली, तर त्या दागिन्यांच्या पावत्या तुम्हांसच शोधाव्या लागतात.

तीस दिवसांत उत्तर आले नाही अथवा समाधानकारक आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनाशुल्क तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर तिची माहिती मिळते आणि टपालाने आलेल्या तक्रारी चंदीगड येथील केंद्रात स्वीकारल्या जातात. मात्र लोकपालाची चौकशी संक्षिप्त असते. साक्षीपुराव्याची उलटतपासणी जेथे अपरिहार्य आहे, तेथे तो प्रकरण नाकारू शकतो. त्यामुळे ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत लोकपालाच्या निर्णयाची वाट पाहण्यात निघून जाणार नाही, याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष असावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार दाखल करता येते. शाखा दुसऱ्या गावी असली तरी तेथे हेलपाटे घालावे लागत नाहीत.

लॉकरधारकाच्या मृत्यूनंतर नामनिर्देशित व्यक्ती आणि वारस यांचे हक्क कोठे एकत्र येतात व कोठे वेगळे होतात, हा विषय पुढील लेखांकी.