फोन नवा, तरी आवाज तुटतो : खेड्यातलं नेटवर्क समजून घेऊ या

चकलांब्यात किंवा गेवराई तालुक्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात मोबाईलच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की ठरलेले प्रश्न कानावर पडतात. कॅमेरा किती मेगापिक्सेल? रॅम किती? ५जी आहे ना? हप्ता किती बसेल? "आमच्या घरात या फोनला रेंज येईल का?" असं विचारणारा मात्र क्वचितच भेटतो. मग महिनाभराने नव्या फोनवरही "हॅलो, आवाज येतोय का?" हे सुरूच. दोष कधी फोनला दिला जातो, कधी सिमला. नेमकं कुठे अडलंय हे कळत नाही, म्हणून पैसा दोन्हीकडे जातो. या लेखात आम्ही तेच सोप्या भाषेत मांडतो आहोत.

हा चैनीचा विषय राहिलेला नाही

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाईन झाले. आधी ही पद्धत मोठ्या शहरांपुरती होती, आता खेड्यातल्या दहावी पास मुलामुलीलाही तीच. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत बाईच्या आधारचा ओटीपी लागतो, आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. आता बीड जिल्ह्यातला नवरा दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेला असतो. ओटीपी त्याच्या फोनवर जाणार, तो फडात, आणि बायको इकडे सेवा केंद्रावर बसलेली. ओटीपी काही मिनिटंच चालतो. फोन लागला नाही की तो दिवस वाया.

शिष्यवृत्ती, रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन, हजचा अर्ज, सगळं नेटवर्कवर आलं आहे. वक्फ मालमत्तेच्या नोंदीसाठी ६ जून २०२५ ला 'उमीद' पोर्टल सुरू झालं आणि मुतवल्लींना सहा महिन्यांची मुदत मिळाली, तेव्हा कागद अपलोड करण्यासाठी खेड्यातल्या मशिदींच्या जबाबदार मंडळींनाही इंटरनेट गाठावं लागलं. म्हणजे रेंज नसणं ही नुसती गैरसोय नाही. त्यात हक्काची गोष्ट हातची जाऊ शकते.

टॉवर एकच दिसतो, लहरी वेगवेगळ्या

फोन आणि टॉवर रेडिओ लहरींनी बोलतात. या लहरींच्या पट्ट्याला बँड म्हणतात. साधा नियम असा : आकडा लहान, तर लहर लांब जाते आणि भिंतीतून बऱ्यापैकी आत येते. आकडा मोठा, तर वेग जास्त मिळतो, पण पल्ला कमी आणि भिंत लागली की जोर ओसरतो. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झ हे लांब पल्ल्याचे बँड. १८०० आणि २१०० मधले. २३०० आणि ३३०० च्या पुढचे वेगवान, पण जवळचे.

जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० वर चालतं. एअरटेलचं मुख्यतः ९००, १८००, २१०० आणि २३०० वर. बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४जी ७०० आणि २१०० वर आहे. त्याचं देशपातळीवरचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला झालं. ५जी सेवा देशात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली आणि तिचा मुख्य बँड ३३०० ते ३६०० च्या पट्ट्यातला, म्हणजे जवळच्या पल्ल्याचा. म्हणून रस्त्यावर ५जी दाखवणारा फोन घराच्या आतल्या खोलीत ४जी वर येतो. फोन बिघडला असं समजू नका.

यातून फोन घेताना उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते. प्रत्येक फोन प्रत्येक बँड पकडत नाही. बीएसएनएलचं सिम वापरायचं असेल तर फोनमध्ये २८ नंबरचा बँड (७०० मेगाहर्ट्झ) हवा. जुन्या आणि काही स्वस्त फोनमध्ये तो नसतो. अशा फोनला समोर टॉवर असूनही ती लहर दिसतच नाही. कंपनीच्या वेबसाईटवर त्या मॉडेलच्या माहितीत बँडची यादी असते. दुकानदाराला ती दाखवायला सांगा, लाजू नका.

काड्या पूर्ण, तरी नेट ढिम्म

रेंजच्या काड्या किती दाखवायच्या हे फोनची कंपनी ठरवते. एका फोनच्या तीन काड्या दुसऱ्याच्या दोन असू शकतात. खरा आकडा सेटिंगमध्ये मिळतो. अँड्रॉइडमध्ये 'अबाऊट फोन' मध्ये जा, तिथे 'सिम स्टेटस' उघडा, त्यात 'सिग्नल स्ट्रेंथ' बघा. ४जी चा आकडा उणे चिन्हासह डीबीएममध्ये येतो. उणे ८५ किंवा त्याहून कमी उणे असेल तर उत्तम. उणे १०० च्या आसपास कामचलाऊ. उणे ११५ च्या पुढे गेला की आवाज तुटणार, नेट फिरत राहणार.

आकडा चांगला असूनही नेट चालत नसेल तर अडचण तीन ठिकाणी असू शकते.

एक, गर्दी. टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. रात्री आठ ते दहा सगळं गाव व्हिडिओ बघत असतं. रस्ता चांगला आहे, पण बाजाराचा दिवस आहे, असं समजा. फॉर्म भरणं, कागद अपलोड करणं ही कामं पहाटे फजरनंतर किंवा दुपारी करा.

दोन, टॉवरच्या मागची जोडणी. टॉवर पुढे फायबरने किंवा रेडिओ दुव्याने मुख्य जाळ्याला जोडलेला असतो. रस्त्याच्या कामात केबल तुटली की काड्या दिसतात, नेट बंद.

तीन, वीज. लाईट गेल्यावर टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटरी थकलेली असली की थोड्याच वेळात रेंज जाते. लाईट गेल्यावर किती वेळाने रेंज जाते हे लिहून ठेवा, तक्रारीत कामाला येतं.

आपलं घरही बघा

पत्रा हा धातू आहे आणि धातू लहरी परत फेकतो. चारी बाजूंनी आणि वरून पत्रा असलेल्या खोलीत रेंज पडणारच. जुन्या दगड-मातीच्या जाड भिंती आणि लोखंड भरलेला स्लॅबही लहर अडवतात. अशा घरात महागडा फोन घेऊन मोठा फरक पडत नाही. टॉवरच्या दिशेची खिडकी किंवा दार शोधा, अर्जाचं काम तिथे बसून करा. फोन तिथे ठेवून त्याचा हॉटस्पॉट सुरू केला की घरातल्या दुसऱ्या फोनवर नेट वापरता येतं.

टॉवरच्या भीतीबद्दल दोन शब्द. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवलेली आहे. उलट रेंज कमी असते तेव्हा कानाला लावलेला फोनच जास्त ताकद लावतो, आणि बॅटरीही लवकर उतरते. तेव्हा "टॉवर नको, पण रेंज हवी" हे जमणारं नाही.

फोनमधल्या कामाच्या सोयी

*व्होल्टे :* ४जी वरून बोलण्याची सोय. जिओचं २जी-३जी जाळं नाहीच, त्यामुळे त्या सिमवर साधा कॉल करायलाही ही सोय चालू लागते. सिमच्या सेटिंगमध्ये ती बंद तर नाही ना, बघा.

*वायफाय कॉलिंग :* घरी, शाळेत किंवा दुकानात फायबरचं वायफाय असेल तर रेंज नसतानाही आपल्याच नंबरवरून साधा कॉल लागतो. बहुतेक नव्या फोनमध्ये ही सोय असते, फक्त चालू केलेली नसते. पत्र्याच्या घरासाठी हा सर्वात स्वस्त इलाज.

*५जी चालू-बंद :* ५जी ची रेंज अर्धवट असेल तर फोन सारखा ५जी-४जी करत बसतो. कॉल अडखळतो, बॅटरी जाते. अशा जागी सेटिंगमधून ४जी निवडा.

*दोन सिम :* दोन्ही एकाच कंपनीची ठेवून रेंजच्या दृष्टीने फायदा नाही. एक गावात चालणारं, दुसरं जिथे कामाला जातो तिथे चालणारं ठेवा.

*ओटीपी :* तो एसएमएसने येतो, त्याला डेटा पॅक लागत नाही, रेंज लागते. येत नसेल तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, नवा ओटीपी आला की जुना बाद होतो. फोन दहा सेकंद विमान मोडवर टाकून परत चालू करा आणि मग एकदाच मागवा.

*किबल्याची दिशा :* ॲपमधला बाण फोनमधल्या चुंबकीय सेन्सरवर फिरतो. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये हा सेन्सर नसतो, तिथे बाणावर विसंबू नका. चुंबकाचं कव्हर असेल तरी बाण चुकतो. आपल्या बीड भागातून किबला पश्चिमेपासून साधारण १० अंश उत्तरेकडे आहे, एवढं लक्षात ठेवलं तर ॲप चूक सांगतंय की बरोबर हे ओळखता येईल.

*मराठी-उर्दू बोलून लिहिणं :* कीबोर्डवरच्या माईकने दोन्ही भाषा लिहिता येतात. ज्या अम्मी-अब्बांना टाईप करणं जमत नाही, त्यांना हे एकदा शिकवा.

कोणतं सिम घ्यावं?

अमुक कंपनी चांगली असं आम्ही लिहिणार नाही. एकाच गावात वेशीजवळ एक चालतं, आतल्या गल्लीत दुसरं. शेजाऱ्याचा, भाच्याचा, वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घरी आणून वर सांगितलेला आकडा सकाळी, रात्री आणि लाईट गेल्यावर बघा. तीन दिवसांत उत्तर मिळतं, खर्च शून्य. ट्रायच्या नियमाप्रमाणे कंपन्यांना आपापल्या वेबसाईटवर रेंजचा नकाशाही द्यावा लागतो. तो बघा, पण खात्री आपल्या ओसरीवरच करा.

कंपनी बदलायची तर नंबर बदलू नका. इंग्रजीत पोर्ट हा शब्द, एक जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवा. आलेला कोड महाराष्ट्रात चार दिवस चालतो, तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जा. जुना शिल्लक रिचार्ज मात्र बुडतो, म्हणून पॅक संपत आल्यावरच पोर्ट करा.

ऑफरच्या नादात नवं सिम घेऊन जुनं फेकणाऱ्यांनी सावध राहावं. ९० दिवस वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याला मिळतो. तोच नंबर आधारला आणि बँकेला जोडलेला असेल तर ओटीपी परक्या फोनवर जाईल.

रिचार्जचा हिशेबही करा. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. घरातल्या बुजुर्गांकडे साधा फोन असेल तर त्यांना डेटाचे पैसे कशाला? ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून फक्त कॉल-एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. दुकानदार स्वतःहून सांगेलच असं नाही, मागून घ्या.

जुना फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय नंबर काढा आणि 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर तपासा. चोरीचा फोन असेल तर तिथे कळतं. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हेही त्याच पोर्टलवर दिसतं. आणि ओटीपी फोनवर सांगायचाच असेल तर आवाज ओळखीचा आणि काम आधी ठरलेलं असेल तरच. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

तक्रार लिहून करा, मिळून करा

जिल्हा पातळीवर मोठा बिघाड होऊन सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर प्रीपेड ग्राहकाची मुदत वाढवून द्यावी, असा नियम आहे. पण एका गावचा एकच टॉवर बंद पडला तर तो आपोआप लागू होत नाही. २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० गावांपर्यंत ४जी नेण्याची योजना मंजूर केली, तीही जिथे सेवा पोचलेलीच नाही अशा गावांसाठी. ज्या गावात टॉवर आहे पण तो धड चालत नाही, त्या गावाची अडचण कागदावर दिसतच नाही. ती दिसायला तक्रारच लागते.

पद्धत अशी. आधी कंपनीच्या १९८ क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर लिहून घ्या. तो दिला नाही तर तक्रार झालीच नाही असं समजा. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. त्यासाठी फी नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, म्हणून तिथे अर्ज करून वाट बघत बसू नका.

एकट्याची तक्रार "तुमच्या फोनमध्ये दोष असेल" म्हणून परत येते. त्याच गल्लीतल्या वीस जणांनी आपापले डॉकेट नंबर, तारीख, वेळ आणि सिग्नलचा आकडा एका कागदावर लिहिला, तर तसं म्हणता येत नाही. तो कागद ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत कंपनीला आणि दूरसंचार विभागाला पाठवता येतो. हे काम नववी-दहावीची मुलं सहज करू शकतात, आकडा कुठे बघायचा ते एकदा दाखवलं की झालं.

रिचार्जला चकलांब्यातला माणूस पुण्या-मुंबईच्या माणसाइतकेच पैसे देतो. मग सेवाही तेवढीच मागायला संकोच कसला? पुढचा फोन किंवा रिचार्ज घेण्याआधी घरातला सिग्नलचा आकडा एकदा बघून घ्या, आणि ऊसतोडीला निघणाऱ्या भावाला त्याचा आधारला जोडलेला नंबर चालू ठेवायला जरूर सांगा.