आपला सार्वजनिक आयपी पत्ता

गतवर्षी आमच्या एका वयोवृद्ध सभासदांस अनोळखी माणसाचा फोन आला. “तुमच्या आयपी पत्त्यावरून गुन्हा घडला आहे, तुम्हांस घरातच अटक झाली असे समजा, सुटका हवी तर पैसे भरा,” असा त्याने धाक घातला. सुदैवाने नातू वेळीच घरी आला व पैसे वाचले. परंतु हा आयपी पत्ता म्हणजे काय, याचे उत्तर त्या दिवशी घरात कोणापाशीच नव्हते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याची थोडी ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

पत्राचे उत्तर यावयाचे तर पाठविणाराचा पत्ता लागतो. तद्वत् इंटरनेटवरून मागविलेला मजकूर आपल्यापर्यंत यावयाचा तर आपल्या यंत्रासही पत्ता हवा. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीत हा पत्ता चार आकड्यांचा असतो व प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधील असतो, उदाहरणार्थ, २०३.०.११३.२५. असे पत्ते एकंदर सुमारे ४२९ कोटीच होतात. जगाची लोकसंख्या त्याहून अधिक! जागतिक साठ्यातील अखेरचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले.

मग काम चालते कसे? निपाणी भागातील एखादी तंबाखूची वखार डोळ्यांपुढे आणा. आत कामकरी पुष्कळ, पण टपाल येते ते वखारीच्या एकाच पत्त्यावर. कोणते पत्र कोणाचे हे दिवाणजी आपल्या वहीत पाहून ठरवितो. घरातील वायफायची पेटी हेच दिवाणजीचे काम करते. फोनच्या सेटिंगमध्ये १९२.१६८ ने आरंभ होणारा जो पत्ता दिसतो, तो वखारीच्या आतला. जगास दिसतो तो बाहेरचा, म्हणजेच सार्वजनिक पत्ता.

तो पाहणे सोपे आहे. गूगलवर ‘माझा आयपी पत्ता काय’ असे शोधावे. तो दाखविणारी संकेतस्थळे मिळतात. एकदा वायफाय चालू ठेवून व एकदा बंद करून पाहावे, दोन निरनिराळे पत्ते दिसतील. चार आकड्यांऐवजी इंग्रजी अक्षरे, अंक व मध्ये विसर्गासारखी चिन्हे असा लांबलचक पत्ता दिसला तर गोंधळू नये. ती सहाव्या आवृत्तीची नवी पद्धत होय; तीत पत्त्यांचा तुटवडा नाही.

पत्त्यासोबत गावाचे नावही दाखविले जाते. आपण कोगनोळीत बसलेले असता तेथे बंगळूर किंवा मुंबई दिसले तर नवल मानू नये. गाडी कोणत्याही शिवारातून निघो, महामार्गावर तिची नोंद टोलनाक्यावर होते. त्याचप्रमाणे येथे बहुधा कंपनीचा नाका दिसतो, आपले घर नव्हे. शिवाय मोबाईल कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांस वाटून देतात व तो वरचेवर बदलतो. कोणत्या वेळी तो कोणाकडे होता याची नोंद कंपनीपाशी राहते आणि तपास यंत्रणांस ती कायदेशीर मार्गाने मागविता येते. परक्या माणसास निव्वळ पत्त्यावरून आपले नाव वा घर कळत नाही.

यावरून दोन गोष्टी ध्यानी येतील. पहिली, आपले वायफाय शेजारीपाजारी मोकळेपणी वाटू नये. त्यावरून कोणी काही गैर केले तर प्रथम विचारणा आपल्याकडेच होईल. दुसरी, आयपी पत्ता सांगून कोणी भेडसावल्यास भिऊ नये. फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. फोन बंद करावा, घरच्यांस सांगावे, आणि पैसे गेले असतील तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

ज्या घरी वडील मंडळी एकटी असतात, त्या घरच्या मुलांनी एवढे त्यांना अवश्य समजावून सांगावे, अशी आमची विनंती आहे.