अढी जमते, पाळी टिकत नाही
पोल डान्स असो की मल्लखांब, पहिला महिना सगळ्यांचा जोमात जातो. सराव त्यानंतर का तुटतो आणि तालीम तो कसा बांधून ठेवते, याविषयी.

पोल डान्स शिकू पाहणारे जगभरचे नवशिके पहिल्यांदा अडतात ते उलट्या पकडीपाशी. डोकं खाली, पाय वर आणि साऱ्या अंगाचा भार मांड्यांमध्ये आवळलेल्या खांबावर. आपल्या तालमीत या पकडीला अढी म्हणतात आणि मल्लखांबाला हात लावणाऱ्या पोराला ती सुरुवातीलाच शिकवतात. परभणी जिल्ह्यातल्या सेलू-जिंतूरच्या मुलीला मोबाइलवरचा पोल डान्स पाहून तसं काही करावंसं वाटलं, तर बहुधा तिला मुंबई-पुण्याची गाडी धरावी लागेल. मल्लखांब मात्र शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीतच आहे. जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी तो मुलामुलींच्या वयोगटांत खेळला जातो.

दोन्हींत फरक आहेच. पोल डान्सचा खांब स्टीलचा, साधारण ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि छतापर्यंत गेलेला, तर मल्लखांब लाकडी, जाडजूड आणि वर मोकळा. पोल डान्सला बारची बदनामी चिकटलेली होती. ती पुसण्यासाठी स्पर्धा सुरू झाल्या, नियम आले, २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स महासंघ निघाला आणि २०१७ मध्ये जागतिक क्रीडा महासंघांच्या संघटनेनं त्याला निरीक्षकाचा दर्जा दिला. पण शिकणाऱ्याच्या अंगाला दोन्ही खांब सारखेच छळतात, आणि सराव सोडण्याची कारणंही दोन्हींकडे सारखीच आहेत.

लाकूड, एरंडेल आणि कातडी

पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी असतो. बुंध्याला जाड, वर निमुळता. खालचा मोठा भाग म्हणजे अंग, त्यावर बारीक मान आणि टोकाला बोंड. टांगत्या मल्लखांबात तोच खांब आखूड होऊन साखळीनं लटकतो, त्यामुळे पकडीबरोबर त्याचं फिरणंही सांभाळावं लागतं. तिसरा प्रकार दोरीचा. पूर्वी तो वेताचा होता, चांगला वेत मिळेनासा झाला आणि सुती दोरी आली. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी पकडायची, ही तिढी, म्हणजे दोरीवरची पहिली पायरी. ती पकड पहिल्यांदा बसते तेव्हा डोळ्यांत पाणी येतं.

जो खांब घट्ट धरायचा त्यालाच तेल का लावतात, असा प्रश्न नव्या माणसाला पडतो. मल्लखांबाला एरंडेल लागतं. आपल्याकडे शेताच्या बांधावर एरंड उभा असतो, त्याच्याच बियांचं. हे तेल खाद्यतेलांपेक्षा कितीतरी दाट आणि चिकट असतं. त्याचा पातळ थर दिला की कातडी लाकडावर घासून सोलवटत नाही, वळताना अंग अडकत नाही आणि तरीही पाय पूर्ण निसटत नाही. थर जास्त झाला की मात्र घसरगुंडी ठरलेली. म्हणून तेल बेतानं लावणं हासुद्धा शिकण्याचाच भाग.

पकड कातडीची, त्यामुळे अंगावर कपडा कमी. मांडीची आतली बाजू, काख आणि पोटरी यांवर सुरुवातीला लाल वळ उठतात. साधी अढी करताना नवशिका हात वाकवून अंग वर ओढू पाहतो आणि दमून खाली येतो. खरं काम कंबरेचं असतं. हात खांबावर, खांदा खांबाला टेकलेला, एक पाय झटक्यात वर आणि लगोलग दुसरा, मग मांड्यांत खांब आवळून पायांची कैची. एकदा मांड्यांवर विश्वास बसला की हात आपोआप सुटतात. पुढं दसरंग, बगली, फिरकी, वेल, सुईदोरा, फरारे, ताजवे असा मोठा पसारा आहे. पण तो सगळा या विश्वासावर उभा आहे, म्हणून अढी पक्की होईपर्यंत चांगला वस्ताद पुढं जाऊ देत नाही.

गोष्टीतला विजय आणि गाळलेले महिने

१२व्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. आजच्या मल्लखांबाची परंपरा मात्र दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांपासून सांगतात. निजामाच्या पदरचे अली आणि गुलाब हे पहिलवान पुण्यात आले, त्यांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिलं. तरण्या बाळंभटांनी ते उचललं, वणीच्या सप्तशृंगीवर जाऊन साधना केली आणि तिथं झाडावरच्या वानराच्या रूपात मारुतीनं त्यांना डाव दाखवले. परत येऊन त्यांनी अलीला चीत केलं आणि गुलाबनं काढता पाय घेतला, अशी ही कथा.

परभणीच्या वाचकाला ती ऐकताना गंमत वाटावी, कारण हा मुलूख तेव्हा निजामाकडे होता आणि १९४८ पर्यंत राहिला. म्हणजे गोष्टीत आपण हरलेल्या बाजूला. पण कथेची खरी गोम वेगळीच आहे. आव्हान आणि विजय यांचं वर्णन सगळे रंगवून सांगतात, वणीच्या डोंगरावरचा रोजचा सराव एका वाक्यात उरकतात. आज मोबाइलवरही तेच होतं. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत फरारा दिसतो, त्यामागची दोन-तीन वर्षं दिसत नाहीत. मग पोरगं तिसऱ्या आठवड्यात स्वतःला त्या व्हिडिओशी ताडून पाहतं आणि खचतं. पी हळद अन् हो गोरी, असा हा खेळ नाही.

सुरुवातीनंतरचा खड्डा

पहिल्या काही आठवड्यांत प्रगती वेगानं होते, त्याला कारण आहे. स्नायू तेव्हा फारसे वाढलेले नसतात, पण आहेत तेच स्नायू एकजुटीनं वापरायला मेंदू शिकतो. हा सोपा नफा संपला की वेग मंदावतो. पुढची ताकद स्नायूंच्या वाढीतून यायची आणि ती सावकाश येते. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा तर त्याहून सावकाश तयार होतात. म्हणून अंगात जोर आला असं वाटतं त्याच सुमारास मनगट, कोपर आणि खांदा कुरकुरायला लागतात. नव्या कसरतीनंतरची अंगदुखी एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त जाणवते आणि मग ओसरते. ती चालेल. सांध्यात टोचणारी, एकाच जागी राहणारी दुखणी चालवून घेऊ नयेत. रोज तेच अवघड डाव रेटण्यापेक्षा मध्ये एक दिवस हलका ठेवला तर अंग सावरतं, आणि शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते ती वेगळीच.

दुसरं कारण सरावाच्या पद्धतीत आहे. १९७९ मध्ये जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन या अमेरिकी संशोधकांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली लोकांना शिकवल्या. काहींनी एक हालचाल पूर्ण घोटून मग दुसरी घेतली, काहींनी तिन्ही आलटून पालटून केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट पुढं दिसला, नंतर चाचणी घेतली तेव्हा दुसऱ्या गटाच्या लक्षात जास्त राहिलं होतं. त्याचा अर्थ असा की आज अडखळत झालेला सरावही वाया जात नाही. अर्थात हे सुरक्षितपणे जमू लागलेल्या कसरतींपुरतं. अढीच डळमळीत असताना फिरकी आणि सुईदोऱ्याच्या मागे लागलं, तर एक ना धड भाराभर चिंध्या.

इच्छाशक्तीपेक्षा रांग बरी

'रोज करायची इच्छाच होत नाही' ही तक्रार मोठ्यांची आणि पोरांची सारखीच. त्यावर सुविचार आणि जोशपूर्ण गाणी सुचवली जातात. तालमीची रीत निराळी आहे. तिथं उत्साह आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. खांब एक, पोरं दहा-बारा, म्हणून रांग लागते. आपली पाळी आली की खांबाला नमस्कार करायचा, चढायचं, एक डाव करून उतरायचं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. या साध्या व्यवस्थेत बरंच काही आपसूक घडतं. दोन प्रयत्नांच्या मध्ये विश्रांती मिळते. इतरांचे डाव पाहून डोळा शिकतो. आणि पुढचा उतरला की आपल्याला चढावंच लागतं, मग मनात काहीही असो.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी टिकाऊ प्रेरणेच्या तीन गरजा सांगितल्या: आपलं आपण ठरवता येणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि माणसांशी जोडलेलं असणं. चांगल्या तालमीत तिन्ही भागतात. डाव लहान टप्प्यांत तोडलेले असतात, त्यामुळे आठवड्याला काहीतरी जमतं. खांबावर सगळ्यांनी मिळून मनोरा रचताना प्रत्येकाची जागा ठरलेली असते. एखादा गैरहजर असला की मनोरा अडतो, संध्याकाळी त्याच्या घरी निरोप जातो. पहिल्या गरजेत मात्र आपल्या तालमी कमी पडतात. 'मी सांगतो तेवढंच कर' हा खाक्या सुरक्षिततेपुरता योग्य, पण शेवटची दहा मिनिटं पोरांना आवडीच्या कसरतीसाठी मोकळी सोडली, तर ती दुसऱ्या दिवशी वेळेआधी येतील.

परभणीचं पंचांग

सराव तुटतो तो नेहमी मनाच्या कमकुवतपणामुळे नाही. इथल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून जातो, तेव्हा सकाळी लवकर सुरू करून ऊन चढायच्या आत संपवणं एवढाच मार्ग उरतो. थंडीची तऱ्हा उलटी. डिसेंबर २०१८ मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठात तापमान २ अंशांपर्यंत उतरलं होतं. अशा पहाटे एरंडेल घट्ट होतं, लाकूड गार पडतं आणि आखडलेल्या अंगानं चढलं तर दुखापत होते. हिवाळ्यात संध्याकाळची वेळ बरी, आणि आधी सूर्यनमस्कार, जोर-बैठका घालून अंग गरम करणं आवश्यकच. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचा. गंगाखेड, पालम भागातली ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास घर सोडतात, त्यांच्या पोरांचा सराव अर्ध्या वर्षासाठी थांबतो. अशा पोराला परत आल्यावर मागच्या बाकावर न बसवता चार आठवड्यांत पूर्वपदावर आणणारा आराखडा वस्तादाकडे हवा. एकदा पक्की झालेली हालचाल मेंदू सहसा विसरत नाही. ताकद ओसरते, पण तीही पहिल्या वेळेपेक्षा लवकर परत येते.

मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. वयात आल्यावर पोशाख, उशिराची वेळ आणि 'लोक काय म्हणतील' यांपायी त्यांचं येणं बंद होतं, आणि लोक म्हणतात, तिला आवड उरली नाही. मुलींची वेगळी वेळ, शिकवायला एखादी ताई आणि आयांना सराव पाहायची मुभा, एवढ्यानं फरक पडतो. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलींनाही मल्लखांब शिकवला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मिळतं काय?

पालक हा प्रश्न विचारणारच. हिमानी परब यांना २०२१ चा आणि सागर ओव्हळकर यांना २०२२ चा अर्जुन पुरस्कार मल्लखांबासाठी मिळाला. २०२० मध्ये केंद्र सरकारनं नोकरीतल्या खेळाडू भरतीसाठीच्या खेळांची यादी ४३ वरून ६३ केली, त्यात मल्लखांब आला. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिकं केली होती. २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा मुंबईत झाली. आणि लांबच्या गावाचं निमित्त सांगणाऱ्यांसाठी, बस्तरच्या नारायणपूरमधली अबुझमाड मल्लखांब अकादमी २०२३ मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट'ची विजेती ठरली.

ही बक्षिसं दूरची आहेत. ती पोराला तालमीत आणतील, पण पहाटे पाचला अंथरुणातून उठवणार नाहीत. त्यासाठी लागतात तीन गोष्टी: ठरलेली वेळ, ठरलेली सोबत आणि आज काय जमलं याची वहीतली एक ओळ. घरी एकट्यानं झाडाला दोरी बांधून उलटं लटकू नये. खाली गादी आणि शेजारी जाणता माणूस हवाच. आपल्या शाळेत मल्लखांब आहे का, हे क्रीडाशिक्षकांना विचारा. नसेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. जाताना एका मैत्रिणीला किंवा मित्राला बरोबर घ्या आणि दोघांनी लागोपाठची पाळी मागून घ्या. एकाला कंटाळा आला, तर दुसरा दारात येऊन हाक मारेल.