दात्याचे रक्तबीज अंगी लागावे म्हणून

बी कितीही चांगले असो, जमिनीने ते धरले पाहिजे, हे आपण जाणतो. पण बीच जमिनीवर उलटले तर? रक्ताच्या काही रोगांवरील उपचारात असे घडते.

रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया अशा रोगांत रोग्याच्या हाडातला बिघडलेला मगज औषधांनी मोकळा करतात. मग निरोगी दात्याच्या मूळपेशी शिरेवाटे देतात. त्या हाडात रुजून नवे रक्त तयार करू लागतात. भारतात हे रोपण प्रथम मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली झाले.

मूळपेशींबरोबर दात्याच्या लढाऊ पांढऱ्या पेशीही येतात. त्यांना रोग्याचे शरीर परके वाटते आणि त्या त्वचा, आतडी, यकृत यांवर हल्ला चढवतात. कधी ते जिवावर बेतते. बरे, या पेशी सगळ्याच काढाव्यात, तर उरलेल्या कर्करोगाशी आणि जंतूंशी लढणार कोण?

यावर अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टरांनी सायक्लोफॉस्फमाइड हे जुनेच औषध नव्या वेळी वापरले. रोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चवताळलेल्या पेशी झपाट्याने वाढत असतात. नेमके तेव्हा औषध दिले की त्या मरतात किंवा दुबळ्या होतात. मूळपेशींजवळ मात्र हे औषध निष्प्रभ करणारा घटक भरपूर असल्याने त्या वाचतात. तण निघते, पीक राहते.

अमेरिकेत ४३१ रोग्यांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. गंभीर गुंतागुंत न होता आणि रोग न उलटता वर्ष काढणारे जुन्या पद्धतीत शंभरात ३५ होते, तर या पद्धतीत ५३. औषध निर्धोक नाही. जंतुसंसर्गाला जपावेच लागते.

मोठा लाभ असा की, आता निम्मे जुळणारे आईवडील, भावंडे किंवा मुलेही दाते होऊ शकतात. पूर्वी पूर्ण जुळणारे भावंड शोधावे लागे, आणि सख्खे भावंड तसे जुळण्याची शक्यता चारात एकच. दात्याने भिऊ नये. त्याचे हाड काढत नाहीत. दिलेल्या पेशी शरीर पुन्हा भरून काढते.

रोगी घरी आल्यावर अंगावर पुरळ, जुलाब किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर उष्णता समजून काढे देत बसू नये. त्याच दिवशी रोपण करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे.