तुटलेला वाव

१९४२च्या जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार सेवाग्रामला आठवडाभर राहिला. वर्ध्याचा उन्हाळा त्याला सोसवेना. पाण्याच्या टबात खोके ठेवून त्यावर तो बसे आणि दुसऱ्या खोक्यावर टंकयंत्र ठेवून टिपणे काढी. दिवसातून ठरलेल्या वेळी गांधीजींशी चालता चालता त्याच्या गप्पा होत. त्यांच्या कुटीत तो गेला तेव्हा मातीच्या भिंतीवरचे येशू ख्रिस्ताचे एक कृष्णधवल चित्र त्याच्या नजरेत भरले. चित्राखाली इंग्रजीत ओळ होती, तिचा अर्थ असा: तो आमची शांती आहे. तुम्ही तर ख्रिस्ती नाही, असे फिशर म्हणाला. मी ख्रिस्ती आहे, हिंदू आहे, मुसलमान आहे आणि ज्यूही आहे, असे उत्तर गांधीजींनी दिले.

फिशर स्वतः ज्यू होता. फिलाडेल्फियातल्या गरीब ज्यू घरात तो जन्मला, आणि पहिल्या महायुद्धात ज्यू पलटणीत भरती होऊन पॅलेस्टाइनला गेला. पुढे १९५० साली त्याने लिहिलेले गांधीचरित्र जगभर वाचले गेले. हा प्रसंग त्या चरित्रातही आहे आणि बहुधा गांधींच्या सर्वधर्मसमभावाचा दाखला म्हणून सांगितला जातो. चित्राखालच्या ओळीकडे मात्र कुणी फारसे वळत नाही. त्या ओळीपासून मागे मागे गेले की आपण हिब्रू लिपीच्या एका विलक्षण अक्षरापाशी पोहोचतो, आणि तारण म्हणजे काय या ख्रिस्ती धर्मातल्या फार जुन्या वादापाशीही.

ओळ आहे बायबलच्या नव्या करारातली, पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातली, दुसऱ्या अध्यायातल्या चौदाव्या वचनातली. वचन तिथे संपत नाही. त्याने दोघांना एक केले आणि मधली आडभिंत पाडली, असे पौल पुढे म्हणतो. ते दोघे म्हणजे ज्यू आणि ज्यू नसलेले. आडभिंत हा नुसता अलंकार नव्हता. यरुशलेमच्या मंदिरात बाहेरच्या अंगणाला खरोखर एक दगडी कठडा होता आणि परक्याने तो ओलांडू नये अशी ग्रीक भाषेतली ताकीद त्यावर कोरलेली होती. ओलांडणाऱ्याने आपल्या मरणाला आपणच जबाबदार राहावे, असे तीत स्पष्ट बजावले होते. १८७१मध्ये क्लेर्मो-गानो या फ्रेंच संशोधकाला तसा एक अखंड शिलालेख सापडला; आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. अस्पृश्यांसाठी मंदिरे खुली व्हावीत म्हणून देशभर फिरलेल्या माणसाच्या कुटीत या पत्रातली ओळ असावी, याचे मोल महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

पौल ग्रीकमध्ये लिहीत होता, पण वाढला होता हिब्रू शास्त्रात. त्याच्या शांतीमागे उभा आहे तो शालोम हा शब्द. शिन, लामेद, वाव आणि मेम अशी त्याची चार अक्षरे. त्याच्या धातूचा भाव अखंड असणे, पुरे होणे असा आहे. भांडण थांबले एवढ्याने शालोम होत नाही. मोडलेले सांधले गेले पाहिजे. आता तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तके. ती आजही चामड्याच्या गुंडाळीवर बोरूने हाताने लिहितात. तीत ३,०४,८०५ अक्षरे असतात आणि एक जरी अक्षर तुटले, चिकटले किंवा पुसट झाले तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी सभास्थानात वाचनासाठी चालत नाही. अशा काटेकोर परंपरेत एक अक्षर मात्र मुद्दाम तोडून लिहितात. गणना या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात, बाराव्या वचनात, शालोम या शब्दातला वाव मधोमध तुटलेला असतो. वाव म्हणजे एक साधी उभी रेघ, आणि तीच दुभंगलेली.

तिथली कथा रक्ताची आहे. इस्राएलाचे लोक मवाबी स्त्रियांच्या नादाने परक्या देवांकडे वळले, त्यांच्यात मरी पसरली, चोवीस हजार माणसे मेली. तेव्हा पिनहास नावाच्या याजकाने भाला उचलला आणि एका जोडप्याला तंबूत भोसकून मारले. मरी थांबली. देवाने पिनहासला शांतीचा करार दिला, आणि नेमका त्याच कराराच्या शब्दातला वाव तुटका. तालमूद या ज्यू भाष्यग्रंथात या तुटक्या अक्षराचा आधार घेऊन याजकाच्या अंगी व्यंग असू नये असा नियम काढला आहे. नंतरच्या भाष्यकारांनी आणखी खोल पाहिले. भाल्याने मिळालेली शांती अखंड असू शकत नाही, म्हणून तिच्या अक्षरालाच तडा ठेवला आहे, असे त्यांनी सांगितले. शास्त्रवचन तर पिनहासची स्तुती करते. ते वचन बदलण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. पण शतकानुशतके लेखणी उचलणाऱ्या लेखनिकांनी तिथे थांबून ती रेघ तोडली. अहिंसेचा याहून मूक आणि याहून चिवट आग्रह मला दुसऱ्या कुठल्या ग्रंथात दिसलेला नाही.

हिब्रू अक्षरांत अर्थ शोधण्याची रीत आपल्याला परकी वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या आरंभीच अकार चरण, उकार उदर आणि मकार मस्तक अशी गणेशाची मूर्ती ॐकारातून उभी राहते. आपल्याकडे कटपयादी पद्धतीत अक्षरांना अंक दिले आहेत, तसेच हिब्रूत प्रत्येक अक्षर हा एक अंकही आहे. योद म्हणजे १०, शिन म्हणजे ३००. जीवन या अर्थाच्या खाय शब्दाची बेरीज १८ होते, म्हणून ज्यू घरांत दानधर्म अठराच्या पटीत करण्याची चाल आहे. अक्षरे बावीस, ती उजवीकडून डावीकडे जातात. जगाच्या उत्पत्तीची कथा पहिल्या आलेफने सुरू न होता दुसऱ्या बेत या अक्षराने सुरू होते. बेतचा आकार तीन बाजूंनी बंद आणि पुढे उघडा असतो. त्याच्या आधी काय होते, वर काय, खाली काय, हे विचारत बसू नका, पुढे चला, असा त्याचा अर्थ रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, लावला.

सत्याला हिब्रूत एमेत म्हणतात. आलेफ, मेम, ताव ही त्याची अक्षरे. आलेफ पहिले, ताव शेवटचे, आणि शब्दाच्या अखेरीस येणारी पाच वेगळी रूपे धरून सत्तावीस आकार मोजले तर मेम बरोबर मधले, चौदावे. सत्य आरंभी, मध्ये आणि अंती असते, असे त्यावरून म्हणतात. असत्याला शेकेर असा शब्द आहे; त्याची तिन्ही अक्षरे वर्णमालेत एकमेकांना खेटून येतात आणि लिहिताना एका पायावर उभी राहतात. एमेतची अक्षरे मात्र पाय रोवून उभी. ईश्वराची मुद्रा म्हणजे सत्य, असे तालमूद सांगते. ईश्वर हे सत्य आहे या वाक्यापासून सत्य हाच ईश्वर या वाक्यापर्यंत गांधीजी आयुष्यभर चालत आले. ही मुद्रेची गोष्ट कुणी त्यांना सांगितली असती तर त्यांना ती परकी वाटली नसती.

ताव हे अक्षर तर दोन्ही धर्मांच्या वाटा जिथे फुटतात तिथेच उभे आहे. जुन्या हिब्रू लिपीत ताव फुलीसारखा काढीत. यहेज्केलच्या नवव्या अध्यायात नगरातल्या अधर्माबद्दल हळहळणाऱ्यांच्या कपाळावर ताव काढला जातो आणि ते संहारातून वाचतात. ओरिजेन आणि तर्तुलियन या आद्य ख्रिस्ती विचारवंतांना त्या फुलीत क्रूस दिसला. असिसीचा संत फ्रान्सिस आपल्या पत्रांवर सहीसारखे हेच चिन्ह काढी. येशू या नावाचे मूळ रूप येशूआ. ते ज्या धातूशी जोडलेले आहे त्याचा अर्थ वाचवणे. मत्तयच्या पहिल्याच अध्यायात त्याचे नाव ठेवताना हे कारण सांगितलेले आहे: तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील.

पापांपासून, की पापांच्या शिक्षेपासून? ख्रिस्ती विचाराची दोन हजार वर्षे या प्रश्नाभोवती फिरली आहेत. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म या धर्मपंडिताने मांडले की माणसाने देवाचे जे देणे थकवले ते देवपुत्राने क्रूसावर फेडले. पूर्वेकडच्या चर्चने फेडीपेक्षा माणसाच्या हळूहळू होणाऱ्या रूपांतरावर भर दिला. लूथरने केवळ श्रद्धेने माणूस नीतिमान ठरतो असे म्हटले, त्यातून युरोप दुभंगला, आणि कॅथलिक व लूथरन चर्चनी या मुद्द्यावरच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या त्या ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी.

गांधीजींपुढे हा प्रश्न दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात, १८९३मध्ये आला. प्लिमथ ब्रदरन पंथाच्या एका गृहस्थाने त्यांना समजावले की माणसाकडून पाप व्हायचेच; येशूने सगळ्यांची भरपाई केली आहे, तेवढे मान्य करा म्हणजे मनाची तळमळ संपेल. गांधीजींचे उत्तर आत्मकथेत आहे. पापाच्या फळापासून सुटका मला नको, पापापासून सुटका हवी. ती मिळेपर्यंत अस्वस्थ राहण्यात मला समाधान आहे, असा त्याचा आशय. त्याच वेळी भोवतालच्या सगळ्या ख्रिस्ती मित्रांचा समज असा नाही, हेही त्यांनी न्यायाने नोंदवले. मला वाटते, येशूचे गिरिप्रवचन त्यांना इतके भिडले ते यामुळेच. त्या प्रवचनात येशू सांगतो की शास्त्रातला सर्वांत लहान वर्णही, म्हणजे योद, वाया जाणार नाही, आणि लगेच रागावणे, सूड, शत्रू यांविषयीच्या कठोर आज्ञा सुरू होतात. अक्षराची निष्ठा आणि आचरणाची निष्ठा तिथे एकाच श्वासात आली आहे.

सेवाग्रामच्या परिसरात हा विचार जगणारे ख्रिस्ती लोक होते. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योग संघ चालवत. त्यांनी तुरुंगात येशूच्या शिकवणीवर आणि आचरणावर पुस्तक लिहिले. १९४५ साली ते प्रसिद्ध झाले, प्रस्तावना गांधीजींची. आर्यनायकम् हे सिलोनचे ख्रिस्ती; ते आणि आशादेवी यांनी सेवाग्रामात नई तालीमची शाळा उभी केली. राजकुमारी अमृतकौर ख्रिस्ती घरातल्या. तारण ही मेल्यानंतरची सोय नसून तेलघाण्यापासून चरख्यापर्यंत रोजच्या कामाला लावायची कसोटी आहे, ही समजूत मला या सगळ्यांच्या कामात दिसते.

ज्यू माणसांशी गांधीजींचे नाते आणखी जुने आणि आणखी अवघड. दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मसाठी अकराशे एकर जमीन वापरायला देणारे वास्तुविशारद हर्मन कालेनबाख हे त्यांचे जिवलग, आणि ज्यू. ते १९३९मध्ये सेवाग्रामला आले तेव्हा गावाचे नाव अजून सेगाव होते. शेगावशी होणारा टपालाचा घोळ टाळण्यासाठी पुढल्या वर्षी ते सेवाग्राम झाले. आदल्या नोव्हेंबरात सेगावातूनच गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये ज्यूंविषयी लेख लिहिला होता. जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा, हा त्यांचा सल्ला. मार्टिन बुबर या तत्त्वज्ञाने फेब्रुवारी १९३९मध्ये यरुशलेमहून त्यांना दीर्घ, दुखावलेले पत्र लिहिले. त्याला गांधीजींनी उत्तर दिल्याची नोंद नाही. हिटलरच्या छळछावण्यांचा अंदाज त्या लेखात नाही, हे स्पष्ट म्हटलेच पाहिजे. बुबर यांची वेदना खरी होती. तरी तुटलेल्या वावची परंपरा ज्यांची, त्यांच्यापुढे गांधीजींनी ठेवलेला प्रश्न त्यांच्याच ग्रंथातला होता, असे मला वाटते.

एक सावधगिरीही हवी. अलीकडे हिब्रू अक्षरांची मूळ चित्रे जोडून हवी ती भविष्यवाणी काढण्याचे पेव फुटले आहे. योद म्हणजे हात, वाव म्हणजे खिळा, तेव्हा ईश्वराच्या चार अक्षरी नावातच क्रूसावरचा हात दिसतो, असे प्रवचनांतून सांगतात. अक्षरे चित्रांतून आली हे खरे. सिनाईच्या खाणींत पेट्री या पुरातत्त्वज्ञाला १९०५मध्ये सापडलेल्या कोरीव खुणा त्याचा पुरावा आहेत. पण शब्दाचा अर्थ चित्रांची बेरीज करून ठरत नाही. जुने रब्बी अक्षरांशी खेळत, पण तो खेळ माणसाला काहीतरी सोडायला किंवा करायला लावी. आपल्या मताला मिळेल तेवढेच अक्षरांतून काढणे म्हणजे त्या परंपरेचा अवमान आहे.

मराठीत हिब्रूचा अभ्यास मुळीच नवा नाही. मिशनरी जॉन विल्सन यांनी कोकणातल्या ज्यू बेने इस्राएल समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले ते १८३२मध्ये. पंडिता रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबलचे भाषांतर पुरे करूनच त्यांनी डोळे मिटले. १९२४मध्ये ते प्रसिद्ध झाले. मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेची कथा सांगणारी हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६मध्ये आणि पुण्यात १८७४मध्ये छापली गेली. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रांत भारतीय वेशातल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. बेने इस्राएलांची मराठी कीर्तनेही होती. हा समाज आता बहुतांशी इस्राएलला गेला आहे. अलिबाग, पेण, पनवेल, पुणे, ठाणे इथल्या जुन्या घरांत हिब्रू आणि देवनागरी शेजारी शेजारी छापलेली अशी पुस्तके कुणाकडे असतील तर ती रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला दाखवा, निदान प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवा.